उसना खोकला

गुणाआत्या ऑफिसात बसत नसे. बँक असो, तलाठ्याची खोली असो की अलिबागची कचेरी, समोर खुर्ची रिकामी असली आणि साहेब स्वतः "बसा ना आजी" म्हणाले तरी ती उभीच. पिशवी काखेत, पदर खोचलेला आणि दोन्ही हात टेबलाच्या कडेवर. साहेबाला मान वर करून बोलावं लागायचं, आणि मान वर करून बोलणं कुठल्याच साहेबाला फार वेळ झेपत नाही. "बसलेला माणूस न् वजनाखालचा कागद सारखाच," ती म्हणायची. "दोन्ही जागचे हलत न्हाईत."

ती माझी सख्खी आत्या नव्हे. आमच्या आणि तिच्या परसात एक विहीर सामाईक, एवढंच नातं. पण खाडीकाठच्या आमच्या गावात तेवढ्यावर माणसं जन्मभर एकमेकांना रागवायचा हक्क मिळवतात. माझे वडील जमीन बचाव समितीतले. आमच्या घरात रद्दी नव्हती, पत्रकं होती. मी बाराखडी शिकले तीच मुळी पत्रकांच्या मथळ्यांवर बोट ठेवून. गुणाआत्या विहिरीवर आली की वडिलांना विचारायची, "दादा, आज काय छापलंस?" वडील वाचून दाखवायचे. ऐकून झालं की ती कळशी कमरेवर घेत म्हणायची, "चांगलं हाय. पण तुझ्या पत्रकात 'आम्ही' जाम असतो. साहेबाच्या पुढ्यात जायची वेळ आली की 'आम्ही' कुठं जातो? तिथं एकटी गुणाच असते."

हे खोटं नव्हतं. खाडीपलीकडं रंगाची पावडर बनवणारा कारखाना आला तेव्हा तिच्या बापाची खारजमीन त्यात गेली. बदल्यात घरातल्या एकाला नोकरी. तिला भाऊ नव्हता, म्हणून नोकरी तिला मिळाली, आणि त्यासाठीही ती कितीतरी दिवस फाटकाशी उभी होती, कारण 'घरातला एक' म्हणजे पुरुषच असा साहेबांचा समज. पुढं निवृत्त होईपर्यंत ती पावडरीच्या पोत्यांची तोंडं मशीनवर शिवत राहिली. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या पापण्या कधी निळ्या असायच्या, कधी तांबड्या. आम्ही पोरं तिला रंगावरून विचारायचो, "आत्या, आज कुठला सण?"

तिचा नवरा जनूकाका त्याच कारखान्यात तीच पोती पाठीवर वाहायचा, पण ठेकेदाराकडून. पोतं शिवणारी कायम, वाहणारा ठेक्यावर. पावडर दोघांच्याही नाकात जायची. तिच्या छातीनं ती सोसली, त्याच्या छातीनं सोसली नाही. चाळिशीतच काकांना दमा लागला. कारखान्याच्या दप्तरात मात्र जनूकाका नावाचा कामगार कधीच नव्हता. "आजार कारखान्याचा," आत्या म्हणायची, "पण माणूस कारखान्याचा न्हाय. तो माझा नवरा म्हणून तेवढा धरलाय त्यांनी."

धरला होता तो कारखान्याच्या दवाखान्यासाठी. फाटकाशेजारी पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तिथं निवृत्त कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला महिन्याची औषधं मिळत. जमीन घेताना जी आश्वासनं दिली होती, त्यांतलं उभं राहिलेलं एवढं एकच. जनूकाकांचा दम्याचा पंप तिथूनच यायचा.

मग एके दिवशी त्या खोलीला कुलूप लागलं. दारावर कागद चिकटवला होता, की दवाखाना बंद, यापुढं विमा. विमा दोन थरांचा. खालचा सगळ्यांना आपोआप, पण तो फक्त साध्या रुग्णालयातल्या खाटेपुरता. वरचा थर म्हणजे जोडविमा. महिन्याची औषधं आणि मोठ्या रुग्णालयाचा खर्च या वरच्या थरात. त्यासाठी नाव नोंदवायचं, पेन्शनीतून हप्ता कापून द्यायचा. नोंदणी वर्षातून एकदाच, सप्टेंबरातले पंधरा दिवस, अलिबागला भाड्याच्या माडीवर उघडलेल्या मदत कक्षात. नवरा-बायकोनं आपापला अंगठा स्वतः येऊन यंत्रावर द्यायचा. जुना आजार असेल तर तो तेव्हाच सांगायचा. सांगितलेला आजार चालतो, लपवलेला चालत नाही. मुदत चुकली तर पुढच्या वर्षी.

मला हे लिहितानाही संताप येतो. ज्यांची जमीन घेतली, ज्यांच्या छातीत पावडर भरली, त्यांनी आता स्वतःच्या औषधासाठी रांग लावून अर्ज करायचा, आणि वर त्याला नाव काय, तर ऐच्छिक. ज्याला दम लागतो त्याला श्वास ऐच्छिक असतो का? मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं. आत्यानं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "चांगलं हाय. आता मना सांग, त्या पंधरा दिवसांत कुठली तिथी येते?"

मी कॅलेंडर काढलं. ते पंधरा दिवस पितृपक्षात होते.

ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पक्षात आमच्या गावात नवं काही करत नाहीत. कपडा घेत नाहीत, होडीला रंग देत नाहीत, सोयरीक बोलत नाहीत. आणि आजारपणाच्या, मरणाच्या कागदावर अंगठा? पितर दारात आलेले असताना? कारखान्याच्या वरच्या ऑफिसात कुणाला हे माहीत नव्हतं, की माहीत असून फरक पडत नव्हता, हे मी आजही सांगू शकत नाही. आत्या तारीख बदलून मागायला अलिबागला गेली. साहेब चांगला मुलगा होता, नुकता लागलेला. तो म्हणाला, "आजी, विम्याचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. वरून आलंय." आत्या तशीच उभी. "वरून तर सगळंच येतं, बाबा. पाऊस येतो, कावळ्याची शीट पण येते. खाली उभं कोण, ते बघ ना." तो हसला. तारीख बदलली नाही.

मग तिनं दारोदार फिरायला सुरुवात केली. मी बरोबर असायचे. माझी पत्रकं माझ्याच हातात राहायची, कारण बोलायची तीच. पहिलं घर नामानानाचं. नामानाना कारखान्यातला जुना फिटर, मधुमेहानं पायाची दोन बोटं गेलेली. तो पडवीत खाटेवर बसूनच म्हणाला, "गुणे, पक्ष चालू हाय. या दिवसांत आजाराचं नाव काढायचं म्हणजे आजाराला घरी बोलवायचं."

"नाना, त्याला बोलवायला कशाला लागतंय? तो तुझ्या आधी खाटेवर बसलाय. तूच त्याच्या शेजारी बसलायस."

"बापाची तिथी हाय उद्या."

"असू दे की. काय ठेवशील कावळ्याच्या वाडीला? वडे, खीर, भोपळ्याची भाजी?"

"जे ठेवतात तेच."

"तुझा बाप कशानं गेला?"

सगळ्या आळीला ठाऊक होतं. म्हातारा साखर वाढून गेला होता, औषधाविना.

"जित्तेपणी गोळी न्हाय न् मेल्यावर खीर," आत्या म्हणाली. "साखरेनं मेलेल्याला खीर खायला घालतोस, आणि मना शास्त्र सांगतोस व्हय? उद्या वाडी ठेव न् परवा मिनीडोरमध्ये बस. बाप रागावला तर माझं नाव सांग."

नाना आधी चिडला, मग हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवशी तो मिनीडोरमध्ये बसला. सहा माणसांच्या त्या रिक्षात दहा म्हातारे कोंबून आत्या स्वतः ड्रायव्हरशेजारी बसायची आणि अलिबागला पोचेपर्यंत मागं तोंड करून सगळ्यांना पढवायची. "काय जुना आजार, असं विचारलं की लाजू नका. बढाई मारल्यासारखं सांगा. साखर हाय, बीपी हाय, गुडघा हाय. लपवलंत तर मेलात." पहिल्याच खेपेत तिनं स्वतःचा अंगठा दिला होता. तिला साहेबानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आजार कसला न्हाय बाबा. छाती माझी लोखंडाची हाय." त्यानं तसं लिहून घेतलं.

अशा खेपा करून तिनं जवळपास सगळं गाव नोंदवलं. राहिला एकच, आणि तो तिच्याच घरात होता.

जनूकाका वाईट माणूस नव्हते. आवाज गोड, भजनात त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. दम लागायला लागल्यापासून गाणं गेलं, पण टाळ त्यांनी सोडले नाहीत. आईवर त्यांचा फार जीव, आणि आई गेल्यापासून पक्षाचे सगळे नियम ते इतके कडक पाळत की शेजारचे त्यांना विचारून आपले पाळत. आत्या रोज भांडायची. काका रोज एकच सांगायचे, "पक्ष सरू दे गो. घटाला जाऊ."

"घटाला ते यंत्र बंद असेल."

"मग पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षापर्यंत श्वास कुणाचा घेणार? माझा?"

शेवटी तडजोड झाली. मुदतीचा शेवटचा दिवस नेमका सर्वपित्री अमावास्येला होता. काका म्हणाले, सकाळी वाडी ठेवू, कावळा शिवला की पितर निघाले, पक्ष सरला, तिथूनच मिनीडोर धरू. आत्यानं ते मान्य केलं. आयुष्यात फार कमी वेळा तिनं समोरच्याची अट मान्य केली असेल, त्यातली ही एक.

सकाळी केळीच्या पानावर वाडी ठेवली. मी आवाराच्या दगडी गडग्याशी उभी होते. कावळा येईना. ज्यांना पितराची तिथी ठाऊक नाही ते सगळे वाडी सर्वपित्रीलाच ठेवतात. गावात त्या दिवशी प्रत्येक गडग्यावर, प्रत्येक छपरावर वडे आणि खीर. कावळ्यांना इतकी आमंत्रणं की ते नामानानाच्या कौलांवर पोट फुगवून बसले होते. आत्या टाळ्या वाजवून वाजवून थकली. "अरे ये ना मुडद्या! एक चोच मार, मग जा मसणात!" काका म्हणाले, "शिव्या देऊ नको, आई असेल त्यात." आत्या म्हणाली, "मग तिला सांगा, तुमच्या पोराचा पंप अडलाय."

ऊन डोक्यावर आलं, मग कललं. मी म्हणाले, "काका, चला आता." काका हलले नाहीत. कावळा शिवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा शब्द होता आणि तो त्यांनी आईला दिला होता. बऱ्याच वेळानं एक म्हातारा कावळा आला आणि वड्याचा तुकडा घेऊन उडाला, तेव्हा काकांनी हात जोडले आणि आम्ही धावलो. माडीच्या पायऱ्या चढताना काकांचा दम लागला, दोनदा थांबावं लागलं. वर साहेब यंत्राची वायर गुंडाळत होता.

"पाचला सिस्टम बंद होते, आजी."

"हा घे अंगठा. उद्या लाव."

"तसं होत नाही."

आत्या उभी राहिली. शिपाई दिवे बंद करून गेला तरी उभी होती. दुसऱ्या दिवशी जाऊन उभी राहिली, त्यानंतरही. साहेबानं मुंबईला मेल केला. उत्तर आलं की अपवाद करता येत नाही. अपवाद! एका गावाची शेती उचलून कारखाना ठेवणं हा अपवाद नव्हता, एका म्हाताऱ्याचा अंगठा मात्र अपवाद. अमावास्येच्या त्या संध्याकाळी परतताना मिनीडोरमध्ये आत्या काकांशी एक शब्द बोलली नव्हती. मीही बोलले नव्हते. मला काकांचा राग आला होता. तो अजून आहे.

पंप संपत आला. विकत घ्यायचा तर पेन्शनीत दर महिन्याला बसत नव्हता. एका संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत गेले तर आत्या खोकत होती. मी घाबरले. "आत्या, काय झालं?"

"गप. शिकतेय."

जनूकाका झोपाळ्यावर बसून शिकवत होते. "तसं न्हाय गो. आधी शिटी वाजते, मग खोकला. आणि मध्ये बोलायचं न्हाय, बोलायला दम कुठं असतो?"

"तुमचा खोकला पण तुमच्यासारखाच, हट्टी," आत्या म्हणाली आणि पुन्हा शिटी वाजवायचा प्रयत्न केला. ती इतकी हुबेहूब वाजली की काका खो खो हसले, आणि त्या हसण्यानं त्यांना खराच दम लागला. क्षणभर दोघंही सारखीच खोकत होती. मी हसत होते. देवाशप्पथ सांगते, इतकं हसू त्या घरात मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

विम्याच्या यादीतल्या डॉक्टरकडं ती तो उसना खोकला घेऊन गेली. डॉक्टरनं छाती तपासली. आवाज फारसा नव्हता, पण आत्या म्हणाली की मला पहाटे होतं. कधीपासून, असं विचारल्यावर तिनं काकांचाच सगळा इतिहास सांगितला, कारण दुसरा कुठला तिला ठाऊक नव्हता. पावडरीच्या कारखान्यात असल्यापासून, जुना हाय. डॉक्टरनं लिहिलं, जुना दमा. पंप मिळाला, आणि पुढं दर महिन्याला मिळत राहिला. आत्या दर महिन्याला जाऊन खोकत राहिली.

यात कुणाला फसवणूक दिसत असेल तर खुशाल दिसू द्या. हप्ता तिच्या पेन्शनीतून कापला जात होता आणि दमा त्याच कारखान्याचा होता. छाती तेवढी बदलली होती. मी तिला एकदा विचारलं, "खोटं बोलताना काही वाटत नाही?" ती म्हणाली, "वाटतं ना. पण मी खोकते तेवढा वेळ त्यांना काय होतं ते मना कळतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, आधी कुठं कळलं होतं?"

वैशाखात, भिजवलेले वाल सोलताना, तिच्या छातीत कळ आली. लोखंडाची छाती. आम्ही तिला नवी मुंबईच्या एका खासगी रुग्णालयात नेलं, कारण जोडविम्यात ते बसत होतं. हृदयाची नळी बंद होती, ती उघडायला हवी होती. विम्याच्या खिडकीवरून फाइल वर गेली आणि खाली आली. नोंदणीच्या वेळी जुना आजार नाही म्हणून सांगितलंय. डॉक्टरच्या कागदांवर जुना दमा आहे. आजार लपवला, म्हणून मंजुरी नाही.

दम्याचा आणि त्या नळीचा संबंध काय, हे मी खिडकीवर ओरडून विचारलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, संबंधाचा प्रश्न नाही, लपवण्याचा आहे." थोड्या वेळानं त्यांचा चौकशीचा माणूस वॉर्डात आला. आत्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. तिनं सलाइनच्या दांडीला धरलं आणि ती उठली. नर्स ओरडली, तरी उठली. मी तिच्या कानाशी लागले, "आत्या, खरं सांग. दमा काकांचा आहे म्हणून सांग. मी डॉक्टरला आणते, सगळं लिहून देऊ."

"मग त्यांचा पंप बंद होईल," ती हळूच म्हणाली. "पक्ष यायला अजून वेळ हाय." आणि त्या माणसाकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "व्हय. दमा माझाच हाय. जुना हाय. सांगायला विसरले."

पुरावा म्हणून ती खोकली. आधी शिटी, मग खोकला. तो माणूस लिहून घेऊन निघून गेला.

तिथलं बिल आम्हाला झेपणारं नव्हतं. आम्ही तिला सरकारी रुग्णालयात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात होतं तेवढं सगळं केलं. त्याच आठवड्यात ती गेली. गावभर बोललं गेलं की गुणाबाईला जुना दमा होता, तिनं तो लपवला आणि विमा बुडाला. जिनं मिनीडोरमध्ये सगळ्यांना आजार न लपवण्याचे धडे दिले, तिनंच लपवला. माणसं हे कुजबुजत बोलायची. नामानानाच तेवढा म्हणायचा, "कायतरी खोट हाय यात. गुणी पळत पळत जिना चढायची." जनूकाका काहीच बोलायचे नाहीत. आता त्यांच्यासाठी खोकायला कुणी नव्हतं. पंपही नव्हता. विहिरीवर उभी राहिले की मला त्यांची शिटी ऐकू यायची.

या वर्षी नोंदणीचे दिवस पुन्हा पक्षातच आले. कामगाराच्या मागं राहिलेल्या जोडीदाराला नाव नोंदवता येतं. मी काकांना सांगायला गेले नाही. मी सांगून काय होणार होतं?

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी पक्षात नवमीला असते, अविधवा नवमी. त्या सकाळी काकांनी गडग्यावर गुणाआत्याची वाडी ठेवली. वडे होते, खीर होती आणि तिला आवडायची म्हणून सुकटीची चटणी, जी पक्षाच्या पानावर कुणी ठेवत नाही. मी विहिरीवरून बघत होते. कावळा नव्हता. काका हात जोडून उभे राहिले, थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि उंबऱ्याबाहेर आले.

"पोरी, मिनीडोर कधी हाय?"

मी वाडीकडं बघितलं. पान जसंच्या तसं होतं. "काका, अजून शिवला नाही."

"येईल तवा येईल. तिनं मना वाट बघितलेलं चाललं नसतं."

माडीच्या पायऱ्यांवर आम्ही चार ठिकाणी थांबलो. वर तोच साहेब होता. नामानाना वारस म्हणून मुलीचं नाव कागदावर चढवायला आधीच येऊन बाकावर बसला होता. साहेबानं काकांचा चेहरा बघून घाईनं खुर्ची पुढं केली. "बसा काका, बसा."

"नको. उभाच बरा हाय." त्यांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. मला त्या हातांकडं बघवेना.

साहेबानं नाव भरलं, पत्ता भरला. "काही जुना आजार?"

"हाय. दमा. तुमच्या कारखान्यातला. जुना हाय."

साहेबानं टाइप केलं आणि अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं. काकांनी हात पुढं केला नाही.

"आता दुसरं लिवा. माझ्या बायकोला दमा नव्हता. कधीच नव्हता. खोकला माझा होता, तो ती माझ्यासाठी खोकायची. तिनं काय लपवलं न्हाय. तिच्या कागदावर लपवलं म्हणून लिवलंय, ते खोडा."

साहेबानं बाकाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "काका, असं इथं बोलू नका. चौकशी लागेल. तुमची पण नोंदणी अडकेल, पंप जाईल. अंगठा द्या आणि घरी जा. आणि तसं लिहायला इथं रकानाच नाही."

"मग करा रकाना," काका म्हणाले. त्यांची शिटी वाजायला लागली होती. एकेक शब्द ओढून बाहेर काढावा लागत होता. "आधी तिचं लिवा. मग माझा अंगठा घ्या. मी हाय हितंच."

मागं बाक करकरला. नामानाना काठी टेकून उठला होता.

साहेबाचा हात यंत्रावर होता आणि मान वर होती.